वायरवर ९४, मोबाईलवर २८५: एकाच घरात नेट इतकं वेगवेगळं का?

खोडरबर (शनिवार, रात्री १०:४२)

मंडळी, तीन आठवडे डोकं खाजवून झालं, शेवटी धागा काढतोय.

पुणे, सिंहगड रस्ता, दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके. फायबरचं कनेक्शन, प्लॅन ३०० एमबीपीएसचा. मागच्या वर्षी घराचं काम काढलं तेव्हा 'वायर ती वायरच' म्हणून इलेक्ट्रिशियनकडून भिंतीतल्या पाइपातून मुलाच्या खोलीपर्यंत आणि टीव्हीपर्यंत लॅनची केबल ओढून घेतली. चांगली कॅट-६. भाऊ तेव्हाच म्हणाला होता, वायफायच्या जमान्यात भिंती कशाला फोडतोस. आता तो हसतोय.

आज रात्री साडेनऊला, दहा मिनिटांच्या आत, एकाच साइटवर घेतलेले आकडे:

मुलाचा पीसी, वायरवर: ९३.८
टीव्ही, वायरवर: ९१
माझा मोबाईल, हॉलमध्ये, वायफायवर: २८५
बायकोचा लॅपटॉप, बेडरूममध्ये, वायफायवर: ३८, कधी ४०

म्हणजे जिच्यासाठी भिंत फोडली ती वायर मोबाईलच्या एक तृतीयांश! कंपनीला फोन केला तर "सर, आमच्याकडून फुल स्पीड येतोय, राउटर रीस्टार्ट करा." केला. सात वेळा केला. माणूस पाठवला, त्याने राउटरखाली उभं राहून स्वतःच्या मोबाईलवर २९० दाखवले, फोटो काढला आणि तक्रार बंद केली.

राउटर कुठे आहे हे विचारालच. मुख्य दाराच्या वर, तोरणामागे. फायबर तिथून आत आली म्हणून त्याने तिथेच ठोकला.

कुणी जरा इस्कटून सांगेल का?

आळशी मांजर (१०:५१)

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. आमच्याकडे उलटं आहे, वायरवर सुसाट आणि मोबाईलवर रडतंय.

खिचडी_फॅन (१०:५८)

डीएनएस बदलून ८.८.८.८ टाका. माझा स्पीड दुप्पट झाला.

तांब्याची तार (११:३०)

खिचडी, डीएनएसने स्पीड दुप्पट होत नाही हो. डीएनएस म्हणजे निघण्याआधी पत्ता विचारणं. पत्ता पटकन कळला तर पान उघडायला सुरुवात लवकर होईल, पण म्हणून ट्रक जोरात पळत नाही. तुमचा दुप्पट झाला असेल तर त्या वेळी शेजाऱ्याने डाउनलोड थांबवलं असेल.

खोडरबर, तुमच्या यादीतला सगळ्यात बोलका आकडा ९३.८ आहे. मी या धंद्यात वीस वर्षं काढली. ९३ ते ९५ च्या मध्ये ठाण मांडून बसलेला आकडा दिसला की मी गिऱ्हाइकाचं पुढचं ऐकतच नाही. तुमचा प्लॅन, तुमची कंपनी, रात्रीची गर्दी, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही. तुमच्या पीसीपर्यंतची लाइन १०० वर बसली आहे आणि ती काठोकाठ भरून वाहते आहे, एवढंच तो सांगतो.

१०० असेल तर ९४ का? वायरवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाइट माल. त्यातले ४० बाइट पत्ते आणि हिशेबात जातात, उरले १४६०. पाकिटाच्या मागेपुढे वायरवर आणखी ३८ बाइट खर्च होतात, त्यात दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागाही आली. म्हणजे १५३८ बाइट वाहून न्यायचे आणि हाती यायचे १४६०. करा भागाकार: ९४.९ टक्के. स्पीड टेस्टवर ९४ च्या आसपास दिसतं ते असं. गिगाबिटच्या (म्हणजे १००० च्या) लाइनवर हाच हिशेब ९४० च्या आसपास येऊन थांबतो.

आता लाइन १०० वर का बसली? तुमच्या केबलमध्ये आठ तारा आहेत, पिळलेल्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० च्या लाइनला फक्त नारिंगी आणि हिरवी पुरते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, आठच्या आठ. दोन्ही टोकांची यंत्रं आधी एकमेकांशी बोलून घेतात, तुला काय जमतं, मला काय जमतं. निळी किंवा तपकिरी कुठे तुटली असेल तर ती मुकाट्याने १०० वर तडजोड करतात. एरर नाही, लाल दिवा नाही, काही नाही. नेट चालतंय म्हणून वर्षानुवर्षं कुणी बघतही नाही.

तेव्हा आधी स्पीड टेस्ट बंद करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट, तिथे 'लिंक स्पीड' लिहिलेलं असतं. १०००/१००० आहे की १००/१००, तेवढं सांगा.

खोडरबर (११:४४)

१००/१००. साष्टांग!

तांब्याची तार (११:५२)

उठा. अजून दोन संशयित आहेत. एक, केबल राउटरच्या कुठल्या भोकात आहे? कंपन्या जे फुकट डबडं देतात (मोडेम आणि राउटर एकत्र असलेलं) त्यात कित्येकदा लॅनचं एकच भोक गिगाबिटचं असतं, बाकीची १०० ची. बाहेरून सगळी सारखीच. बहुधा 'लॅन १' गिगाबिट असतं, कधी खाली बारीक अक्षरात जीई आणि एफई लिहिलेलं सापडतं. एफई म्हणजे १००.

दोन, टीव्ही. त्याचे ९१ विसरा, ते कधीच वाढणार नाहीत. बाजारातल्या बहुतेक स्मार्ट टीव्हींना, महागड्यांनासुद्धा, लॅनचं भोक १०० चंच देतात. टीव्हीला वायफायवर टाकलंत तर आकडा मोठा दिसेल. पण फोरके सिनेमाला २५ एमबीपीएस पुरतात, तेव्हा टीव्ही वायरवरच राहू द्या आणि वायफायची जागा इतरांना मोकळी ठेवा.

अबोली२२ (रविवार, सकाळी ७:१५)

वाचतेय. वायरचं कळलं. पण त्याच वायफायवर हॉलमध्ये २८५ आणि बेडरूममध्ये ३८ हे कसं? माझ्याकडे नागपुरात असंच आहे, आणि आमच्याकडे ते ऋतूप्रमाणे बदलतं! मी घरून काम करते, व्हरांड्यात टेबल आहे. मार्चच्या शेवटी हॉलच्या खिडकीत कूलर बसला की व्हरांड्यात व्हिडिओ कॉल अडकायला लागतो. जूनमध्ये कूलर काढला की सुरळीत. घरातले म्हणतात तुझा भ्रम आहे.

तांब्याची तार (९:०५)

अबोलीताई, भ्रम नाही. पत्र्याचं खोकं, पोटात पाण्याची टाकी, तीन बाजूंनी ओल्या ताट्या. लहरी अडवायला याहून चांगली वस्तू मुद्दाम बनवता येणार नाही. पत्रा लहरी परत फेकतो, पाणी त्या पिऊन टाकतं. आणि तुमचा कूलर नेमका राउटर आणि लॅपटॉप यांच्या मधल्या रेषेत बसतो. राउटर दोन हात सरकवून रेषा चुकवता आली तर बघा.

खोडरबर यांच्या दाराच्या वरून बेडरूमकडे सरळ रेषा काढली तर मध्ये काय काय येतं?

खोडरबर (९:४०)

बाथरूम. म्हणजे दोन्ही बाजूंना टाइल्स, मध्ये गीझर आणि पाण्याचे पाइप. पलीकडे बेडरूममध्ये भिंतीला लागून लोखंडी कपाट, त्याच्या दाराला पूर्ण उंचीचा आरसा. त्या कपाटाला पाठ टेकून बायको बसते.

आता लिहिताना मलाच हसू येतंय.

तांब्याची तार (१०:२०)

आरशाच्या मागे धातूचा लेप असतो, म्हणजे तोही पत्राच. 😀

वायफाय मोजायचं एखादं फुकट ॲप मोबाईलवर टाका. त्यात डीबीएम नावाचा उणे आकडा दिसेल. हॉलमध्ये उणे ४५ वगैरे, बेडरूममध्ये बहुधा उणे ७५ च्या पलीकडे. दिसायला फरक तीसचा. पण हे माप असं की दर तीनला ताकद निम्मी होते. तीस म्हणजे हजारपट कमी. मोबाईलवर वायफायच्या चारपैकी दोन दांड्या दिसतात म्हणून आपण 'निम्मं येतंय' असं धरतो, तिथेच फसतो.

सिग्नल क्षीण झाला की राउटर आणि लॅपटॉप सावकाश बोलायला लागतात. गोंगाटात समोरच्याला ऐकू येत नसेल तर आपण एकेक शब्द तोडून बोलतो, तसं. शिवाय राउटरने वायफायच्या दोन पट्ट्यांना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकच नाव दिलं असेल (हल्ली असतंच), तर लांबचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झ सोडून २.४ वर जाऊन बसतो, कारण २.४ भिंतीतून जास्त आत शिरतं. आणि एकदा बसला की उठत नाही.

२.४ म्हणजे सोसायटीची गच्ची. सगळ्यांचं वाळवण तिथेच. भारतात हा पट्टा जेमतेम ८३ मेगाहर्ट्झ रुंद. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच मावतात: १, ६ आणि ११. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ, वायरलेस माउस, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग, ६०५ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विनापरवाना खुला झाला. तिथे रस्ताही रुंद, गर्दीही कमी. पण भिंत आली की दमतो.

म्हणून तुमचा मोबाईल हॉलमध्ये ५ वर राउटरशी ८६६ च्या बोलीवर जोडला जातो आणि प्लॅनच्या ३०० पर्यंत आरामात पोहोचतो. त्याच्यासाठी अडसर प्लॅन आहे. पीसीसाठी अडसर वायर आहे. लॅपटॉपसाठी अडसर बाथरूम. कंपनी एकच, राउटर एकच, पण प्रत्येकाच्या वाटेतली अरुंद बोळ वेगळी.

खिचडी_फॅन (१०:३३)

८६६ जोडला जातो तर ८६६ मिळत का नाही? आणि माझ्या राउटरच्या खोक्यावर तर ३०० लिहिलंय, मिळतात ८०.

फणसाचा गरा (११:१०)

हे मी सांगतो, कारण मी हे रोज भोगतो. मु. पो. सिंधुदुर्गातलं एक गाव.

कोकण रेल्वे आठवा. बहुतेक मार्ग एकेरी. समोरून गाडी यायची असेल तर तुमची गाडी क्रॉसिंगला उभी. रुळावर गाडी ताशी १०० ने पळू शकते, पण तुम्ही चार वेळा चहा पिऊन उतरता. वायफाय म्हणजे एकेरी रूळ. एका वेळी एकच बोलणार, राउटर किंवा एखादं यंत्र. बाकीच्यांनी आधी कान देऊन ऐकायचं, शांत असेल तर थोडं थांबून बोलायचं, मग पोचल्याची पोच यायची. शेजाऱ्याचं वायफाय त्याच चॅनेलवर असेल तर त्याच्या गाड्याही तुमच्याच रुळावर. खोक्यावरचा आकडा म्हणजे रुळाची क्षमता, हाती येणारा म्हणजे वेळापत्रक. निम्मं मिळालं तरी चांगलं म्हणायचं.

गिगाबिटची वायर म्हणजे दुहेरी मार्ग, जाणारी आणि येणारी एकाच वेळी, आणि रुळावर तुम्ही एकटेच.

यातली खरी मेख अशी की एक मंद गाडी सगळ्यांना अडवते. माझ्या फाटकावर जुना वायफायचा कॅमेरा होता, सिग्नल जेमतेम. जे चित्र जवळच्या मोबाईलने क्षणात पाठवलं असतं त्याला तो कितीतरी वेळ रूळ अडवून बसायचा. त्याला तारेवर घेतलं आणि घरातल्या सगळ्यांचं वायफाय सुधारलं. कॅमेऱ्याचा काय संबंध, असं आई अजून विचारते.

घर जांभ्याचं. भिंती दीड-दोन फुटी. राउटर ओटीवर, माजघरात कसाबसा एक दांडी, मागच्या पडवीत शून्य. आधी रिपीटर आणला. रिपीटर म्हणजे त्याच एकेरी रुळावर प्रत्येक डबा दोनदा ओढणं, एकदा राउटरकडून घ्यायचा, एकदा पुढे द्यायचा. स्पीड निम्म्याच्या खाली. फेकून दिला. शेवटी छपराखालून वायर मागे नेली आणि तिच्या टोकाला जुना राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तिथून वायफाय सोडायला, लावला. आता पडवीत झोपाळ्यावर बसून हे लिहितोय.

तांब्याची तार (११:१८)

गरा, दंडवत. हे उदाहरण मी गिऱ्हाइकांना सांगायला चोरणार.

फणसाचा गरा (११:४१)

खुशाल चोरा. अवांतर पण महत्त्वाचं: घरातून गोठ्यापर्यंतही मी तांब्याचीच लॅन केबल नेली होती, साठ मीटर, माडांवरून. शंभर मीटरची मर्यादा असते, म्हटलं आपण आत आहोत. मे अखेरीस वळवाचा पाऊस आला, लांब कुठेतरी वीज पडली, आपल्या घरावर नव्हे, आणि राउटरची दोन भोकं आणि गोठ्यातला नेटवर्कचा स्विच एका झटक्यात गेले. उघड्यावरून तांबं न्यायचं नाही. आता तिथे फायबरचा तुकडा आहे, दोन्ही टोकांना छोटे डबे. काचेतून वीज येत नाही.

निळूभाऊ (दुपारी १२:३०)

तुम्ही पोरं ३८ एमबीपीएसला रडता! व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सुरू केलं तेव्हा आम्ही फोनच्या तारेवरून किंचाळणाऱ्या मोडेमने जोडले जायचो आणि एक फोटो वरून खाली उलगडेपर्यंत चहा व्हायचा. २००४ च्या धोरणात सरकारने 'ब्रॉडबँड' कशाला म्हणायचं ते ठरवलं: २५६ केबीपीएस, म्हणजे पाव एमबीपीएस. पुढे ते ५१२ झालं आणि २०२३ च्या जानेवारीपासून २ एमबीपीएस. त्या हिशेबाने बेडरूममधला लॅपटॉपसुद्धा १९ पट ब्रॉडबँड आहे. (हलकेच घ्या.)

आणि तेव्हा एका घरात एकच संगणक असायचा, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. जो काही स्पीड होता तो सगळ्यांना सारखाच वाईट.

राईनकाठचा (दुपारी १:०५)

जर्मनीतून. इथे जुन्या इमारतीत तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत जुनी फोनचीच तार येते, त्यामुळे घरात शिरण्याआधीच अर्धी हवा जाते. पण धाग्याशी संबंधित गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर २०२१ पासून इथे कायदा असा की करारात लिहिलेला स्पीड सतत आणि लक्षणीय कमी मिळत असेल तर ग्राहकाला बिल त्या प्रमाणात कमी करून घेता येतं. सिद्ध करायला सरकारी नियामकाचं मोजणीचं सॉफ्टवेअर आहे. तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० मोजण्या घ्यायच्या. आणि अट काय? लॅपटॉप केबलने जोडलेला पाहिजे. वायफायवरची मोजणी चालत नाही.

म्हणजे वायफायचा दोष कंपनीचा नव्हे, हे कायद्यानेच मान्य केलं आहे. मी तावातावाने तक्रार करायला निघालो होतो, केबल लावली आणि पूर्ण स्पीड आला. गुपचूप बसलो.

घरातल्या विजेच्या तारांतून नेट नेणारे पॉवरलाइनचे डबे मात्र घेऊ नका. खोक्यावर १२००, माझ्याकडे मिळाले ११०, आणि मिक्सर लावला की ६०.

आळशी मांजर (दुपारी २:२०)

माझं कोडं सुटलं वाटतं. लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायफाय मरतं आणि माउस अडखळतो, हे कुणाला सांगितलं तर हसतात.

तांब्याची तार (२:५०)

हसणाऱ्यांना सांगा, इंटेलने २०१२ सालीच यावर निबंध काढला आहे. यूएसबी ३ च्या तारेतून आणि जोडातून जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. डिस्क लांब तारेवर ठेवा, किंवा लॅपटॉप ५ वर न्या. राउटरच्या पाठीत यूएसबी डिस्क खुपसून ठेवणाऱ्यांनीही हे वाचावं.

खिचडी, तुमच्या ३०० च्या खोक्याचं राहिलं. त्या जुन्या राउटरची मागची भोकं १०० ची असणार, बघा. हवेत ३०० लिहून विकतात आणि आत शिरायचा दरवाजाच १०० चा. आकाशातून ३०० पडले तरी तुम्हाला ९४ च्या वर जाता येणार नाही.

खिचडी_फॅन (२:५८)

बघितलं. १०० चीच आहेत. तीन वर्षं २०० च्या प्लॅनचे पैसे भरतोय.

आळशी मांजर (३:०१)

🍿

खोडरबर (रविवार, सायंकाळी ६:३०)

अपडेट. आज दिवसभर हाच उद्योग.

मुलाची केबल 'लॅन २' मध्ये होती. डबड्याच्या खाली, बॅटरी मारून, चष्मा लावून वाचलं: लॅन १ समोर जीई, लॅन २ समोर एफई. तार म्हणाले तसंच. बदलली. आनंदाने पीसी बघितला. अजूनही १००/१००!

बेडरूमचं सांगतो. कपाट हलवायला परवानगी मिळाली नाही. मग राउटर दारावरून काढून पॅसेजमध्ये आणला, फायबरची पिवळी दोरी पुरली, जपून, वाकवताना मोठं वळण ठेवून. दोन पट्ट्यांना वेगळी नावं दिली आणि लॅपटॉप ५ वर टाकला. उणे ७८ होतं ते उणे ६१ झालं. टेस्ट लावली: ४४. फक्त ४४! लॅपटॉपच्या मागे तासभर घालवला. शेवटी बायको म्हणाली, "अरे, व्हीपीएन बंद करू का?" ऑफिसचा लॅपटॉप. सगळं नेट आधी तिच्या कंपनीच्या बंगलोरच्या दारातून जाऊन मग जगात जातंय. व्हीपीएन बंद करून: २४१.

गंमत म्हणजे पोराला या सगळ्यात काडीचा रस नाही. म्हणतो, "बाबा, मला स्पीड नकोय, पिंग हवाय, म्हणजे समोरून उत्तर किती मिलिसेकंदात येतं ते. वायरवर ७ येतो आणि ७ च राहतो. वायफायवर ८ येतो, मध्येच १२० होतो, तेवढ्यात मी मरतो." म्हणजे ज्याच्यासाठी मी डोकं फोडतोय तो ९४ वर सुखी आहे.

तांब्याची तार (७:१०)

पोरगं शहाणं आहे. वायफाय हल्ली आकड्यात वायरला सहज मागे टाकतं, तुमचा मोबाईलच बघा. पण वायर जे देते ते वायफायला देता येत नाही: दर पाकिटाला तेवढाच वेळ. खेळात आणि व्हिडिओ कॉलमध्ये ते १२० चं उसळणं जाणवतं, २८५ जाणवत नाही. मला विचाराल तर जे हलत नाही त्याला तार, जे हातात फिरतं त्याला हवा.

तरी आता इतकं केलंच आहे तर केबलचा छडा लावा. भिंतीवरची प्लेट उघडा. आधी पोराच्या खोलीतली.

खोडरबर (रात्री ९:२५)

उघडली. फोटो चढवता येत नाहीये, शब्दांत सांगतो.

प्लेटच्या मागे जॅकमध्ये नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी. नीट बसवलेल्या. तपकिरीची जोडी मागे दुमडून तिच्यावर काळी टेप. आणि निळ्या जोडीला जोडकाम करून एक पातळ राखाडी वायर लावलेली, ती पाइपातून खाली उतरून गेली आहे इंटरकॉमला!

फोन लावला इलेक्ट्रिशियनला. म्हणाला, "साहेब, नेटला चारच तारा लागतात. तुम्ही म्हणालात पोराच्या खोलीतपण इंटरकॉम पाहिजे, तर वेगळी वायर कुठे ओढायची, पाइप फुल होता." आणि खरंच, मीच म्हणालो होतो.

तांब्याची तार (९:३१)

😂 जुनी पद्धत आहे ही. १०० च्या काळात बिनघोर चालायची, एका केबलमध्ये नेट आणि फोन दोन्ही. त्याला दोष देऊ नका, त्याचं गणित एक पिढी मागचं आहे, एवढंच. निळ्या आणि तपकिरी जोडीच्या उरलेल्या चार तारा जॅकमध्ये ठोका. बी पद्धत (रंगांचा क्रम लावायच्या ठरलेल्या दोन पद्धतींपैकी एक) असेल तर क्रम असा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला हॉलमध्येही तोच क्रम. जोडीचा पीळ शेवटपर्यंत ठेवा, उगाच दोन-दोन इंच सोडवून बसू नका. जॅकच्या बाजूला रंग छापलेले असतात, छापील क्रमाने जा, माझ्यावर विसंबू नका.

खोडरबर (रात्री ११:५०)

झालं. दोन वेळा चुकलो, तिसऱ्यांदा बसलं. लिंक स्पीड १०००/१०००. टेस्ट: २९१. भावाला स्क्रीनशॉट पाठवला आहे.

अबोली२२ (सोमवार, सकाळी ७:०५)

अभिनंदन! मी टेबलच सरकवलं, कूलरच्या रेषेतून बाहेर. आज पहिला कॉल न अडकता झाला. वाचनखूण साठवली आहे.

खोडरबर (सोमवार, रात्री ९:१०)

एक नवी अडचण. पोराच्या खोलीतला इंटरकॉम अर्थातच मेला. तो हेडफोन लावून बसतो, हाका ऐकू जात नाहीत, जेवायला बोलवायला बायको तोच वाजवायची, त्याचा दिवा लुकलुकला की त्याला कळायचं. आज पाऊण तास पोळ्या गार होत होत्या. बायको म्हणाली, वायफाय बंद कर, येईल आपोआप. बंद केलं. सगळ्यांचं गेलं, त्याचं सोडून.

आळशी मांजर (९:१४)

लॅन १ मधली वायर उपटा.